कप्तान टिटवीची सुटलेली नाडी

कप्तान टिटवीच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती. अगदी पहिल्या भागापासून. वादळात ती गलबताच्या डोलकाठीवर चढली तेव्हाही सुटलेली, खलनायक अंधारशेठने तिला तळघरात साखळदंडांनी जखडलं तेव्हाही सुटलेली. नाडीचं एक टोक लांब होतं, एक आखूड. चालताना लांब टोक बुटामागून फरफटत यायचं आणि ती थांबली की क्षणभर उशिराने थांबायचं. ज्या चित्रकाराने पहिल्यांदा ते पाय काढले त्याची ही चूक असेल किंवा खोडी. पुढे खर्च वाचवायला तेच पाय प्रत्येक भागात वापरले गेले आणि चूक कायमची झाली.

तनुजा शिंत्रेने पडद्यावरचं चित्र थांबवून मोठं केलं. शेवटच्या भागात गलबत भोवऱ्याच्या काठाशी पोचतं, त्यानंतर ही नाडी नव्हती. नाडी काय, बूटच नव्हता. चेहरा लख्ख, दोर धरलेले हात लख्ख, आणि गुडघ्याखाली धुकं.

"आता काय अडलंय?" केंद्राचे संचालक डॉ. मिराशी चहाचा कप घेऊन मागे उभे होते.

"पाय."

"पाय कोण बघतंय, तनुजाबाई?"

"मी बघतेय."

मिराशी हसले. "रविवारी सकाळी नऊ वाजता अर्धा महाराष्ट्र हा भाग बघायला बसणार आहे. एवढा चांगला जुळलेला शेवट आपल्याला दुसऱ्या कुठल्याच कार्यक्रमाचा मिळालेला नाही. तुमची सही झाली की सुटलो."

"सही शनिवारी करते," तनुजा म्हणाली. तिला ओळखणाऱ्यांना याचा अर्थ ठाऊक होता. तनुजाचं 'शनिवारी' म्हणजे 'बघू'.

पाषाणच्या टेकडीमागच्या या केंद्रात हरवलेले दूरदर्शन कार्यक्रम माणसांच्या डोक्यातून परत मिळवले जात. आपण एखादं दृश्य आठवतो तेव्हा मेंदूच्या मागच्या भागात, जिथे डोळ्यांनी पाहिलेलं उमटतं, तिथेच ते पुन्हा फिकटसं उमटतं. डोक्यावरच्या टोपीतल्या संवेदकांनी ती हालचाल टिपायची आणि तिचं चित्र करायचं, इथवर विज्ञान येऊन बरीच वर्षं झाली होती. पण एका माणसाची आठवण म्हणजे टीपकागदावर पसरलेली शाई. तिच्यातून काही वाचता येत नाही. केंद्राने यावर खगोलशास्त्रातली जुनी युक्ती वापरली. अंधुक ताऱ्याचा एक फोटो काढला तर त्यात ताऱ्यापेक्षा दाणेच जास्त दिसतात. तोच फोटो शेकडो वेळा काढून एकावर एक ठेवला, तर दाणे दर वेळी वेगळ्या जागी पडल्यामुळे एकमेकांना खोडतात, आणि तारा मात्र दर वेळी तिथेच असतो. तसंच, एकच कार्टून लहानपणी पाहिलेल्या शेकडो लोकांच्या आठवणी एकावर एक ठेवायच्या. चुका ज्याच्या त्याच्या वेगळ्या, त्या विरून जातात. सगळ्यांचं समान असेल ते उरतं.

पन्नाशी-साठीतली माणसं या केंद्राकडे जत्रेसारखी लोटली होती. टोपी काढल्यावर कुणी रडे, कुणी शीर्षकगीत गुणगुणत जिना उतरे. एका निवृत्त तहसीलदाराने तर तासभर बसून फक्त जाहिराती आठवल्या होत्या आणि जाताना "मन हलकं झालं" असं सांगून पेढे ठेवून गेला होता.

'कप्तान टिटवी'ला सर्वांत जास्त मागणी होती. मुलांच्या एका पाक्षिकात आधी तिची चित्रकथा यायची. वावटळ नावाचं उडतं गलबत, त्याची अठरा वर्षांची कप्तान आणि समुद्रात नाहीशा झालेल्या तिच्या भावाचा शोध. पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओने त्यावर कार्टून काढलं आणि ते रविवारी सकाळी टीव्हीवर लागायचं. मग पाक्षिक बंद पडलं आणि चित्रकथा अर्धवट राहिली. शेवट फक्त टीव्हीवर झाला, एकदाच. पुढे स्टुडिओ लग्नांचं चित्रीकरण करून पोट भरू लागला आणि टिटवीच्या टेपांवर कुणाकुणाच्या सप्तपद्या चढल्या.

हा शेवट सर्वांत स्पष्ट आठवत होता तो कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढलेल्या लोकांना. तनुजाही त्याच कॉलनीतली. केंद्रात नोकरी करणाऱ्याने टोपी घालायची नाही असा नियम होता, म्हणून तिची आठवण या मिश्रणात नव्हती. पण तिलाही तो शेवट तसाच्या तसा आठवत होता. टिटवी एकटी भोवऱ्यात उतरते, वर सगळे खलाशी दोर धरून उभे राहतात, आणि तिला परतीची वाट सापडावी म्हणून दीपगृहाचा भोंगा वाजत राहतो.

*

शुक्रवारी संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा बाहेरच्या खोलीत जयवंत बसला होता. समोर काजूगर, कोकमाच्या आगळाची बाटली आणि तिची आई.

जयवंत घोरपडे कॉलनीतला तिचा सवंगडी. आता वेंगुर्ल्याला विजेवर चालणाऱ्या होड्या बांधायचा आणि दुरुस्त करायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी तो टिटवी आठवून द्यायला केंद्रात आला, टोपी घालता घालता त्याने तनुजाकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू शिंत्रे केमिस्टची तनू ना? तुझ्या नाकावर अजून तोच राग आहे." तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन. आणि गेल्या दिवाळीपासून एकच प्रश्न: लग्न करून वेंगुर्ल्याला येतेस का?

"ये," आई म्हणाली. "हा बिचारा तासभर माझ्याशी गप्पा मारतोय. मी हो म्हटलं असतं तर आत्तापर्यंत तिथीसुद्धा काढून झाली असती."

"काकू, तुम्हालाच विचारतो मग," जयवंत म्हणाला.

"मला बोट लागते."

तनुजाने पर्स ठेवली. "आई, चहा झाला का?"

"बघ, हे असं. माणसानं समुद्राचं विचारलं की हिला चहा आठवतो."

आई काठी टेकत आत गेली. जयवंतने खुर्ची थोडी पुढे ओढली. "तनू, मी परवा दुपारच्या गाडीनं जाणार. मला 'हो' चालेल, 'नाही' पण चालेल. 'बघू' म्हणालीस तर मी त्याला 'नाही' धरीन. मग फोन करत राहीन, टिटवीवर बोलू, हवेवर बोलू. पण हे परत विचारणार नाही. माझं काय आता वाट बघत बसायचं वय आहे?"

"धमकी देतोयस?"

"नाही गं. दमलोय."

 तिशीत तनुजाने एकदा घाईने लग्न केलं होतं आणि तीन वर्षांत त्याहून घाईने ते मोडलं होतं. त्यानंतर पुराव्याशिवाय तिने काहीच ठरवलं नव्हतं, अगदी पंखा घेतानासुद्धा. आणि पुढची पंधरा-वीस वर्षं दोघांचं जमेल याला पुरावा कसा मिळवायचा, ते तिला कुठल्याच शास्त्राने शिकवलं नव्हतं.

"मला एक सांग," ती म्हणाली. "शेवटच्या भागातला भोंगा आठवतो?"

जयवंतने सुस्कारा सोडला, पण तोंडभर हसू आलंच. "न आठवायला काय झालं? दोन लांब, एक तोकडा. भूऽऽ, भूऽऽ, भू."

आतून आईचा आवाज आला. "अरे, हा तर आपल्या कारखान्याचा. दुसऱ्या पाळीचा."

"काकू, मी कार्टूनमधला सांगतोय."

"मी कारखान्यातला सांगतेय. वीस वर्षं त्याच्यावर कुकर उतरवलाय."

जयवंत हसायला लागला आणि मधेच थांबला. तनुजा त्याच्याकडेच पाहत होती.

"जया, शेवटचा भाग मे महिन्यात लागला होता. त्या दिवशी आपल्याकडे लाईट होती?"

"आपल्याकडे लाईट कधी जायची? आजूबाजूची सगळी गावं अंधारात आणि आपली कॉलनी लखलख. कारखान्याची स्वतःची वीज. पाव्हण्यांना किती तोरा दाखवायचो आपण!"

"ती वीज कशावर व्हायची?"

"बगॅसवर. ऊस पिळून राहिलेल्या चिपाडांवर बॉयलर, बॉयलरवर टर्बाइन." तो बोलता बोलता मंदावला. "गळीत हंगामात."

"आणि मेमध्ये?"

"मेमध्ये कारखाना बंद." जयवंतने डोळे मिटले. "मेमध्ये आपण गावाच्या लाईनवर असायचो. दिवसातून चारदा जायची."

कॉलनीतल्या प्रत्येकाने केंद्रात छातीठोकपणे एकच उत्तर दिलं होतं: आमच्याकडे लाईट जात नसे. एवढा अभिमान की उन्हाळा कुणाच्या लक्षातच राहिला नव्हता. तनुजाच्याही नाही.

"म्हणजे आपण सगळ्यांनी खोटं सांगितलं?" जयवंतने विचारलं.

"नाही. सगळ्यांना खरोखर आठवतंय. फक्त ते पाहिलेलं नाही."

*

शनिवारी सकाळी तिने मिराशींच्या पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली.

"सर, डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीत बिनकामाचे तपशील असतात. सुटलेली नाडी, भिंतीवरचा डाग. त्यांना काही अर्थ नसतो, म्हणून ते कुणी मुद्दाम आठवत नाही, पण डोळ्यांनी टिपलेले असतात आणि सगळ्यांचे सारखे असतात. ऐकलेल्या गोष्टीत उलटं. सांगणारा म्हणतो, 'ती दोर धरून खाली उतरली.' हात सगळ्यांना दिसतात, दोर दिसतो. बूट कसले ते सांगितलेलंच नसतं. मग कुणी शाळेचे बूट घालतं, कुणी अनवाणी पाठवतं, कुणी तिला चपला देतं. हे सगळं एकावर एक ठेवलं की..."

"धुकं," मिराशी म्हणाले. ते खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे कॉलनीचा शेवट कुणीतरी सांगितलेला आहे. मग खरा शेवट गेलाच?"

"नाही. चार जणांची आठवण आपण कचरा म्हणून बाजूला काढली होती. लातूर, नाशिक, वसई आणि सावंतवाडी. फार फिकट, आणि कॉलनीशी जुळत नव्हती. काल रात्री पुन्हा काढली." तिने दुसरं चित्र सुरू केलं. ते वाऱ्यावर हलणाऱ्या मच्छरदाणीतून पाहावं तसं दिसत होतं. भोवरा आपोआप थांबला. भाऊ एका फळकुटावर तरंगत आला. गलबत मावळतीकडे उडालं आणि पाटी आली: समाप्त. कठड्यावर टिटवी उभी होती आणि डाव्या बुटामागे नाडीचं लांब टोक फडफडत होतं.

"एवढंच?" मिराशी म्हणाले.

"स्टुडिओचे पैसे संपले असावेत."

"तुमच्या कॉलनीचा किती छान होता हो!" त्यांच्या आवाजात लहान मुलाचा हिरमोड होता. मग ते सावरून बसले. "सांगणारा कोण?"

"तेच शोधायचंय. टीव्ही आमच्याच घरी होता. लाईट गेल्यावर आम्ही सगळे तिथेच बसून राहिलो असणार. ऐकलेलं असेल तर कानाच्या बाजूला आवाजही उरला असेल. आपण आजवर कॉलनीवाल्यांचं फक्त चित्र काढलं. आवाज एकावर एक ठेवून पाहू या. आणि माझ्या आईला बोलावते. कॉलनीतलं प्रत्येक पोर तिच्या हातचं खाऊन मोठं झालंय, आवाज ओळखेल."

"तुमचा अंदाज?"

"जयवंत घोरपडे," तनुजा म्हणाली. "मला काही सुचत नाही, सर. मी लहानपणापासून मोजणारी. थापा मारायचा तो."

*

दुपारी आई संगणकासमोर बसली, काठी मांडीवर आडवी. मागे जयवंत उभा. "मी नव्हे," तो तिसऱ्यांदा म्हणाला. "मला चांगलं आठवतंय, मी तोंडाचा आ करून बसलो होतो. आ केलेल्या तोंडानं कोण बोलतं?"

आवाज यायला लागला. आधी नुसती खरखर. मग खाली पंख्याची घरघर नसलेली शांतता, तिच्यात कुणीतरी पापड मोडल्यासारखा आवाज, आणि मग एक मूल बोलू लागलं. शब्द तुटक होते, लाटेवर वरखाली होत होते.

*...खलाशी म्हणाले, कप्तान, तळ दिसत नाही. टिटवी म्हणाली, तळ दिसला असता तर त्याला डबकं म्हणाले असते. सोडा दोर...*

आईने एकदाच मान डोलावली. "तनू आहे."

"आई, नीट ऐक."

"नीटच ऐकलं. नाक चोंदलंय. आंबे खाऊन मे महिन्यात सर्दी व्हायची ती तुलाच. बाकीच्यांना गोवर व्हायचा, उष्माघात व्हायचा, सर्दी फक्त तुला." तिने मुलीकडे वळून पाहिलं. "आणि मी दारातच उभी होते की. लाईट गेली, पोरं रडकुंडीला आली. ही उठली आणि त्या बंद टीव्हीपुढं उभी राहून सुरू झाली. मला वाटलं, आता दमेल, मग दमेल. लाईट आली तरी कुणी टीव्हीकडं बघेना. मीच बटण बंद केलं."

"मला कधी बोलली नाहीस!"

"तू कधी विचारलंस? मला वाटलं, तुला माहीत असेल."

तनुजाने पुन्हा तो तुकडा लावला. बारा वर्षांची एक मुलगी, नाक चोंदलेलं, आवाजात जराही शंका नाही. एखादी गोष्ट आपण रचताना ती इतकी स्पष्ट दिसावी, की पुढे आयुष्यभर वाटावं, आपण ती पाहिली होती. याला शास्त्रात नाव होतं, उगमाचा विसर. ते तिने इतरांना शेकडो वेळा समजावून सांगितलं होतं. मिश्रणात तिची आठवण नव्हती, त्यामुळे ही मुलगी तिच्या स्वतःच्या डोक्यातून आलेली नव्हती. ती उरली होती जयवंतच्या डोक्यात, पाटलांच्या जुळ्यांच्या, आता नागपूरला असलेल्या शबानाच्या. प्रत्येकाने तिचा थोडा थोडा आवाज जपला होता, काही माहीत नसताना.

"माझ्यात तू इतकी वर्षं बडबडतेयस," जयवंत हळू म्हणाला. "म्हणून कान दुखतो होय!"

ती हसली नाही. ती पडद्यावर उमटलेल्या आवाजाच्या लाटेकडे पाहत होती. तळ दिसला असता तर त्याला डबकं म्हणाले असते. हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्या मुलीकडे कसला पुरावा होता? भोवऱ्याचा तळ तिने पाहिला नव्हता, गोष्टीचा शेवटही तिला माहीत नव्हता. समोर काळी काच होती आणि मागे रडवेली पोरं. तिने पाऊल टाकलं आणि मग पुढचं दिसत गेलं.

मिराशींनी घसा खाकरला. "रविवारचं काय करायचं? सही तुमची."

तनुजाने प्रथमच 'बघू' न म्हणता उत्तर दिलं. "दोन्ही दाखवू. आधी खरा शेवट, नाडीसकट. मग पडदा काळा करू आणि सांगू, एका कॉलनीत इथे लाईट गेली होती. आणि त्यावर तो आवाज सोडू. चित्र नको."

"चित्र का नको? एवढं सुंदर आहे."

"टिटवीच्या पायात ज्याचे त्याला बूट घालू दे, सर."

*

रविवारी सकाळी नऊ वाजता तनुजाच्या घरी खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. आईने पोहे केले होते आणि स्वतःची बशी घेऊन ती सर्वांत पुढे बसली होती. जयवंतची बॅग दारापाशी होती. बुटांची जोडी तिच्या शेजारी.

शीर्षकगीताला जयवंतने मांडीवर ताल धरला. भोवरा आला, आपोआप थांबला, समाप्तची पाटी लागली. आई म्हणाली, "हात्तिच्या!" मग पडदा काळा झाला. काळ्या काचेत तिघांचे चेहरे दिसत होते, मागे दार, दारापाशी बॅग.

चोंदलेल्या नाकाचा तो आवाज खोलीत भरला. टिटवी दोर कमरेला बांधून उतरली. खाली काळोख होता, काळोखात मळीचा वास होता, आणि भाऊ होता. वर सगळे दोर धरून उभे होते, कुणी हात सोडला नाही. भोंगा वाजला, दोन लांब, एक तोकडा, आणि ती मुलगीच तोंडाने तो वाजवत होती, फुगलेल्या गालांनी, हे आता स्पष्ट ऐकू येत होतं.

फोनवर संदेश यायला लागले. पाटलांच्या जुळ्यांपैकी एकाने लिहिलं होतं: माझ्या टिटवीनं गमबूट घातलेत. शबानाने फक्त भोंगा लिहून पाठवला होता.

आईने डोळे पुसले आणि बशी बाजूला ठेवली. "वेंगुर्ल्याला बांगडा ताजा मिळतो म्हणे," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "मी होडीत बसणार नाही. पण बांगडा खाईन."

जयवंत उठला. त्याने काहीच विचारलं नाही. विचारायचं नाही असं तो म्हणाला होता आणि तो शब्दाचा पक्का होता. दारापाशी वाकून त्याने एक बूट चढवला, दुसरा चढवला आणि नाडी बांधायला गुडघा टेकला.

तनुजाचा हात खिडकीच्या पडद्याच्या दोरीवर होता. डोक्यात जुनं सगळं रांगेने उभं राहिलं. निवृत्तीला अजून तीन वर्षं, आईचं औषधपाणी, मोडलेलं एक लग्न, समुद्राकाठची दमट हवा. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. तिने पडदा सरकवला. ऊन थेट जयवंतच्या बुटांवर पडलं.

"जया," ती म्हणाली, "नाडी राहू दे तशीच. मी येतेय तुझ्याबरोबर वेंगुर्ल्याला. आज नाही, महिनाभर लागेल, आईचं आणि केंद्राचं आवरायला. पण राहायला येतेय. तळ मला अजून दिसत नाहीये. तरी येतेय."